साखरेची वही कोणासाठी लिहायची?

गेल्या अंकात मी वाचकांना विचारलं होतं, जुना आजार सांभाळताना तुम्हाला सगळ्यात जड काय जातं? उत्तरांत गोळ्या आणि सुया कमी आल्या, माणसंच जास्त आली. डॉक्टर रागावतात, मुलगा फोनवरून आकडे मागतो, घरचे वारीला सोडत नाहीत, सासूला पटत नाही. त्यातली पाच पत्रं नावं गाळून इथे घेतली आहेत. मी नर्स आहे, डॉक्टर नाही. मिरजेत वॉर्डात आणि नंतर मधुमेहाच्या ओपीडीत रुग्णांना समजावून सांगण्याच्या कामात माझी नोकरी गेली, आणि संधिवाताची रुग्ण म्हणून टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीतही मी बरीच वर्षं बसते आहे. इथे लिहिलेलं घेऊन तुमच्या डॉक्टरांशी बोला. माझ्या लिहिण्यावरून डोस मात्र बदलू नका.

विट्याहून एक वाचक लिहितात:

"सिस्टर, माझी खानावळ आहे. वय ५४. साखर निघून नऊ वर्षं झाली, दोन वर्षांपासून इंजेक्शन आहे, सकाळ-संध्याकाळ, ते गढूळ, हलवून घ्यायचं. डॉक्टरांनी वही घालायला सांगितली. आधी मी खरं लिहायचे. २६०, २८० दिसलं की ते सगळ्यांसमोर म्हणायचे, 'मावशी, जगायचंय का नाही तुम्हाला?' मग मी १२०, १३५ असं लिहायला लागले. आता तीन महिन्यांची तपासणी ९.२ आली. डॉक्टरांनी वही टेबलावर आपटली आणि डोस वाढवला. तेव्हापासून दुपारी हातपाय जास्तच थरथरतात, घाम फुटतो, लाडू खाल्ला की बरं वाटतं. सकाळी सातला इंजेक्शन, चहा आणि दोन बटर. साडेअकराला डबे जातात, बारा ते तीन गिऱ्हाईक. माझं जेवण साडेतीनला. एवढं करून माझंच चुकतंय का? आणि ही वही लिहायची तरी कोणासाठी?"

वही तुमच्यासाठी आहे. आणि तुम्ही शेवटी सहज म्हणून जे वेळापत्रक लिहून टाकलंत, त्यात तुमच्या ९.२ चं उत्तर आहे.

हलवून घ्यायचं गढूळ इंजेक्शन बहुतेक वेळा ३०/७० इन्सुलिनचं, म्हणजे दोन प्रकारचं इन्सुलिन मिसळलेलं असतं. त्यातला ३० भाग लवकर काम करतो, म्हणून इंजेक्शननंतर अर्ध्या तासात पोटात नीट नाश्ता जायला हवा. चहा आणि दोन बटर हा नाश्ता झाला नाही. उरलेला ७० भाग सावकाश जागा होतो आणि दुपारच्या सुमारास त्याचा जोर वाढतो. हे औषध दुपारी साडेबारा-एकला जेवणाऱ्या माणसाच्या हिशेबाने बेतलेलं आहे. तुम्ही त्या वेळेला दुसऱ्यांच्या ताटात भाकरी वाढत असता. औषध पूर्ण भरात आणि पोटात काही नाही, मग हात थरथरणारच. तुम्ही लाडू खाता. लाडवातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा उतरते, तोवर धीर निघत नाही, म्हणून दुसरा खाल्ला जातो. साखर घसरली की शरीरही घाबरून स्वतःच्या साठ्यातली साखर बाहेर काढतं. त्यावर साडेतीनचं भुकेल्या पोटीचं जेवण. संध्याकाळी मशीन २८० दाखवतं. डॉक्टर ९.२ बघून डोस वाढवतात, की दुसऱ्या दिवशी बारा वाजता साखर आणखी खाली. यात तुमचा आळस कुठे आला? मला तरी दिसत नाही.

पण डॉक्टरांना हे दिसणार कसं? त्यांच्यासमोर दोनच गोष्टी होत्या. ९.२ म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर साधारण २१७ येते, आणि तुमच्या वहीत सगळीकडे १३० च्या आसपास. दोन्हींचा मेळ बसत नाही हे त्यांना कळलं. न बसण्याचं कारण 'बाई गोड खाते आणि लपवते' असं त्यांनी धरलं. दुपारी बाराचा आकडा वहीत कधी आलाच नाही, आणि तोच आकडा बोलणार होता.

खोटे आकडे लिहिणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. ओपीडीत मी अशा कितीतरी वह्या पाहिल्या. एकाच पेनाने, एकाच बैठकीत, पंधरा दिवसांचे आकडे सरळ रांगेत लिहिलेले असत. लिहिणारी माणसं लबाड नव्हती. शाळेत प्रगतिपुस्तकावर सही घ्यायची भीती असते, तशी भीती त्यांना वहीची वाटायची. २८० हा तुमच्या वागणुकीला दिलेला शेरा नाही. काल संध्याकाळी सहा वाजता तुमच्या रक्तात काय चाललं होतं, एवढंच तो सांगतो.

आता काय करायचं ते सांगते. साखर उतरते आहे, म्हणून पुढच्या तारखेची वाट बघू नका, उद्याच दवाखान्यात फोन करून सांगा. आणि उद्यापासूनच डबे गेले की, पहिल्या गिऱ्हाइकाचं ताट मांडायच्या आधी, स्वतः एक भाकरी आणि वाटीभर उसळ खाऊन घ्या. घरातल्या बाईने सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं, हे आपल्या अंगात इतकं मुरलंय की अन्नाच्या खोलीत उभं राहून बाई उपाशी राहते आणि ते कोणाला खटकत नाही. तुमच्या बाबतीत ते धोक्याचं आहे. गिऱ्हाईक दहा मिनिटं थांबेल.

मग तीन दिवस खरी वही घाला. पट्ट्या महाग असतात, रोज इतकं तपासायची गरज नाही, तीन दिवस पुरे. उठल्यावर, नाश्त्यानंतर दोन तासांनी, बारा वाजता, साडेतीनच्या जेवणाआधी, त्यानंतर दोन तासांनी आणि झोपताना. आकड्याशेजारी वेळ, काय खाल्लं आणि काय काम चाललं होतं, एवढंच लिहा. ती वही डॉक्टरांपुढे ठेवून असं म्हणा: "आधीचे आकडे मी भीतीने लिहिले होते. हे तीन दिवस खरे आहेत. माझं मोठं जेवण साडेतीनला असतं, धंद्यामुळे ती वेळ बदलणार नाही. या वेळांना बसेल असं काही देता येईल का?" देता येतं. इंजेक्शनचा प्रकार बदलता येतो, दिवसभर सारखं चालणारं एकच इंजेक्शन आणि सोबत गोळ्या अशीही जुळणी करता येते. ते ठरवणं डॉक्टरांचं काम. तुमचा दिवस कसा जातो हे सांगणं तुमचं काम, आणि ते तुमच्याशिवाय कोणालाच करता येणार नाही.

साखर ७० च्या खाली गेली, किंवा तपासायला वेळ नाही पण थरथर सुरू झाली, की लाडू नको. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्या. पंधरा मिनिटांनी तपासा, ७० च्या वर नसेल तर पुन्हा तेवढीच. बरं वाटलं की काहीतरी पोटभरीचं खा. तुमच्या हाताखालच्या बायकांना हे शिकवून ठेवा, आणि हेही सांगा की तुम्ही बेशुद्ध दिसलात तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

दोन गोष्टी आजच बघा. तुमची बाटली एका मिलीला ४० युनिटची आहे की १०० युनिटची, ते लेबलवर असतं. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० च्या बाटलीला केशरी टोपणाची. अदलाबदल झाली तर डोस अडीच पट चुकतो, आणि मेडिकलमध्ये घाईत जी हाताला लागेल ती सिरिंज देतात, तेव्हा बघून घ्या. दुसरं, पोटावर बोट फिरवून बघा. रोज एकाच जागी टोचत असाल तर तिथे मऊ गाठ येते आणि त्यातून औषध कधी जास्त, कधी कमी उतरतं. गाठ लागली तर डॉक्टरांना दाखवा आणि मगच जागा बदला, कारण चांगल्या कातडीत तेच औषध जोरात लागू पडतं.

डॉक्टर पुन्हा सगळ्यांसमोर बोलले तर "आत केबिनमध्ये बोलू या" असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. तरीही फरक पडला नाही तर डॉक्टर बदलण्यात काही गैर नाही. नऊ वर्षं तुम्ही हा आजार आणि खानावळ दोन्ही ओढत आणलंत. इथून पुढे त्या आकड्यांसाठी मान खाली घालू नका.

पुण्याहून एक वाचक:

"वडील ६८ वर्षांचे, जिंतूरजवळ गावी शेती बघतात. बीपी १७०/१०० निघालं. गोळी 'डोकं जड झालं तरच' घेतात. मी मशीन घेऊन दिलं, रोज सकाळी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायला सांगितला. आठ दिवस पाठवले, मग मशीन बिघडलं म्हणाले. बिघडलेलं नाही, आईने सांगितलं. काय करू?"

फोटो मागणं बंद करा. तुमच्या काळजीबद्दल मला शंका नाही, पण ज्या माणसाने आयुष्यभर घराचे निर्णय घेतले, त्याला रोज सकाळी मुलापुढे हजेरी द्यावी लागते आहे.

वडिलांच्या वागण्यामागे त्यांचा स्वतःचा विचार आहे, तो आधी ऐकून घ्या. दुखलं तर औषध, थांबलं की बंद, या रीतीवर त्यांची सगळी दुखणी आजवर निभावली. बीपीचं तसं नसतं. बहुतेकांना काहीच जाणवत नाही, आणि तेवढ्यात मेंदूच्या, हृदयाच्या, किडनीच्या रक्तवाहिन्या खराब होत राहतात. डोकं जड होण्याचा आणि बीपीचा संबंध असेलच असं नाही. हे त्यांना सांगा, पण त्याआधी एक प्रश्न विचारा: "गोळीने काही त्रास होतो का?" अनेकदा खरं कारण तिथे निघतं. काही गोळ्यांनी पाय सुजतात. काहींनी सारखी लघवीला होते, आणि शेताला पाण्याची पाळी देताना किंवा एसटीत बसल्यावर त्याची पंचाईत होते. गोळी बदलता येते, वेळ बदलता येते. न विचारता कोणी सांगत नाही, आणि लघवीचं तर वडील मुलाला मुळीच सांगत नाहीत. गावातल्या आरोग्य उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतात, बीपीच्या गोळ्याही तिथे मिळतात. त्यांच्याशी ते कदाचित मोकळे बोलतील.

मशीन त्यांचं त्यांनाच वापरू द्या. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, दंड छातीच्या उंचीवर ठेवून, त्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू न घेता, दोनदा मोजायचं. घरच्या मशीनवर १३५/८५ च्या खाली असावं. गोळी नियमित घेतलेल्या आठवड्यातले आकडे आणि न घेतलेल्या आठवड्यातले आकडे त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांना दिसले की बोलणं सोपं होतं. न घेतलेला आठवडा त्यांच्याकडे आधीच आहे, मुद्दाम गोळी बंद करायला लावू नका.

जुन्नर तालुक्यातून एक माउली:

"वय ६१, साखर अकरा वर्षं, रात्री एक इंजेक्शन आणि दोन वेळा गोळी. आळंदीपासून पायी वारी वडिलांच्या काळापासून आहे. यंदा मुलं म्हणतात, गाडीने जाऊन दर्शन घ्या. मी चालणार आहे. जाऊ का, हे मी विचारत नाही. कसं जाऊ, ते सांगा."

प्रश्न अगदी योग्य विचारलात. मुलांना भीती वाटते, ती खोटी नाही, पण ज्यासाठी साखर सांभाळायची ते आयुष्यच साखरेपायी बंद करून ठेवायचं, हे मलाही पटत नाही. एकच गोष्ट आडवी येऊ शकते: पायाला आत्ता जखम असेल, किंवा पूर्वी बरी व्हायला महिने लागलेली जखम असेल, तर डॉक्टर 'नको' म्हणतील आणि ते ऐका.

प्रस्थानाच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडे जा आणि पाय तपासून घ्या. बारीक नायलॉनच्या तारेने तळव्याला स्पर्श करून संवेदना बघतात. संवेदना कमी असेल तर फोड आलेला कळतच नाही, मग तुमच्यासाठी रोज संध्याकाळी पाय बघणं जेवणाइतकंच गरजेचं. बोटांच्या बेचक्यासुद्धा बघायच्या. वाकता येत नसेल तर दिंडीतल्या जोडीदाराला सांगा. पाय दाबून देणारे तिथे असतातच, ते पाहूनही देतील. बूट नवीन घेऊन निघू नका, महिनाभर पायात घालून मऊ झालेले हवेत. सुती मोज्यांचे चार जोड घ्या, कारण आषाढात ते भिजणारच, आणि ओल्या मोज्यात कातडी लगेच सोलते. अनवाणी चालायचा नवस असेल तर माउलींची क्षमा मागून तो सोडा.

रोज एवढं चालल्यावर शरीराला औषध कमी लागतं. पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला पोचलात की त्या रात्री झोपेत साखर उतरू शकते, कारण चालण्याचा परिणाम थांबल्यानंतरही कितीतरी तास टिकतो. म्हणून मोठ्या टप्प्यांसाठी रात्रीचा डोस किती कमी करायचा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा, आणि पुण्यातल्या आणि सासवडच्या मुक्कामात, चालणं नसतं त्या दिवशी, किती घ्यायचं तेही. वाटेत प्रत्येक गावात प्रेमाने हातात पडणारी बुंदी, केळी, साखरेचा पाक झालेला चहा यांना दर वेळी नाही म्हणणं जमत नाही, हे मला माहीत आहे. चालता चालता अर्धं केळं चालेल. मुक्कामाला टेकल्यावरचा गोड चहा तेवढा टाळा. खिशात साखरेची पुडी कायम असू द्या, आणि ती कशासाठी आहे ते शेजारी चालणाऱ्याला माहीत असू द्या.

इन्सुलिन सामानाच्या ट्रकमध्ये टाकू नका, ट्रक उन्हात तापतो. वापरात असलेलं पेन किंवा बाटली सावलीत, साध्या थंडाव्यात साधारण चार आठवडे टिकते, म्हणजे तुमची वारी त्यात होते. खांद्याच्या पिशवीत, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डबीत ठेवा. बर्फाला चिकटून ठेवू नका, एकदा गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. जास्तीची एक बाटली जोडीदाराकडे द्या.

एकादशीला पंढरपुरात उपास असेलच. इंजेक्शन स्वतःहून बंद करायचं नाही, त्या दिवशीचा डोसही आधीच विचारून ठेवा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, पोटात गेला की त्याची साखरच होते. त्यापेक्षा थोडी भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक असं थोडं थोडं घ्या.

हा डॉक्टरांच्या सहीचा कागद मुलांना दाखवा. त्यांची भीती बोलण्याने जाणार नाही, तयारी बघून कमी होईल.

रत्नागिरीहून एक वाचक:

"मी ३३ वर्षांची, प्राथमिक शिक्षिका. दीड वर्षापूर्वी आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड, निघाला. सकाळी बोटं वळत नाहीत, खडू धरता येत नाही, अकरा वाजता मात्र मी ठीक असते. सासूबाई म्हणतात, सकाळी दुखतं आणि दुपारी कसं नाही दुखत? बऱ्या दिवशी मी सगळं घर आवरते, की कोणी बोलू नये. मग दोन दिवस झोपून. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी आहे. बाळ हवंय, पण औषधाचं कोणाला विचारू? डॉक्टर विचारत नाहीत, मला बोलायला लाज वाटते. तुम्हालाही हाच आजार आहे असं वाचलं होतं म्हणून लिहिते. मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे."

मग मी तुला अगं-तुगंच करते.

सकाळी जास्त आणि दुपारी कमी, हीच या आजाराची खूण आहे. सकाळची आखड तासाच्या वर टिकते का, हे डॉक्टरही मुद्दाम विचारतात. सासूबाईंच्या गुडघ्यांची झीज असेल तर त्यांचं उलट असतं, दिवसभर काम करून संध्याकाळी दुखतं, म्हणून त्यांना तुझं खोटं वाटतं. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे त्यांना सोबत ने आणि हाच प्रश्न त्यांना स्वतःला विचारू दे. सुनेने समजावलेलं आणि डॉक्टरांनी समजावलेलं यात आपल्या घरांत फरक पडतो, तो वापरून घे.

बऱ्या दिवशी सगळं उरकायचं, हे मी फार जवळून ओळखते. बरा दिवस आला की तो आपला असतो, तो दुसऱ्यांना पुरावा म्हणून खर्च करू नकोस. माझी सवय अशी बसली आहे: बऱ्या दिवशीही कामाचा मोठा वाटा एकच, आणि वाईट दिवशीही एक छोटं काम, अगदी कोथिंबीर निवडण्याएवढं का होईना. सकाळी कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बोटं हलवायची, मग चहा. खडूला प्लॅस्टिकचा होल्डर मिळतो, जाड असल्याने पकडायला बोटं कमी वळवावी लागतात. पहिला तास तोंडी घेता येतो का, हे मुख्याध्यापकांना विचार. ही सवलत मागणं नाही, काम नीट व्हावं म्हणून केलेली मांडणी आहे.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस संधिवाताच्या रुग्णांसाठी एक अभ्यासवर्ग सुरू केला, आणि शिकवायला बहुतेक संधिवाताचेच रुग्ण ठेवले. व्यायाम, औषधं, दुखण्याशी कसं वागायचं, अशी साधी शिकवण. १९९३ मध्ये त्यांनी चार वर्षांनंतरची स्थिती प्रसिद्ध केली. त्या लोकांचा आजार थांबलेला नव्हता, हालचालींची अडचण थोडी वाढलीच होती. पण वेदना सरासरी २० टक्के आणि डॉक्टरांकडच्या खेपा ४० टक्के कमी झाल्या होत्या. ज्यांना फायदा झाला त्यांच्यात काय वेगळं होतं, हे शोधताना असं दिसलं की 'हे मला जमतं' हा भरवसा ज्यांचा वाढला, त्यांचं दुखणंही हलकं झालं. आमवात बरा होत नाही हे कळल्यावर मी खचले होते, तेव्हा हे वाचून मला फार धीर आला. आजार वाढूनही जगणं सुधारू शकतं, हे कोणीतरी मोजून दाखवलं होतं.

आता बाळाचं. हे ठरवणं तुझं आणि तुझ्या नवऱ्याचं आहे. पण मेथोट्रेक्सेट चालू असताना गर्भ राहता कामा नये, बाळाला इजा होते. ते काही महिने आधी, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, थांबवावं लागतं, आणि तोपर्यंत गर्भनिरोधक नीट वापरावं लागतं. त्याच्या जागी गरोदरपणात चालणारी औषधं आहेत, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन त्यातलं एक. या आजारात आई झालेल्या पुष्कळ बायका आहेत. लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिही, "मला वर्षभरात मूल हवं आहे, औषधं कशी बदलायची?" आणि केसपेपरबरोबर डॉक्टरांपुढे सरकव. त्यांनी विचारलं नाही म्हणून तू थांबू नकोस. औषध घरच्या घरी बंद करून संधिवात भडकला तर बाळासाठी लागणारी ताकदच जाईल.

आणि ती गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. वार कॅलेंडरवर लिहून ठेव, पाकीट इतर गोळ्यांपासून वेगळं ठेव, फॉलिक ॲसिड सांगितलं असेल तसंच घे, आणि रक्ताच्या तपासण्या चुकवू नकोस. जुलैत पुन्हा लिही, कसं चाललंय ते.

नाशिकहून एक वाचक:

"घरच्या मशीनवर साखर १६८ आणि त्याच सकाळी लॅबमध्ये १५२. कोणाचं खरं धरायचं?"

दोन्ही. घरच्या मशीनमध्ये लॅबपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत फरक मान्य धरला जातो, आणि तुमचा फरक त्यात बसतो. घरचं मशीन रोजचा कल बघायला असतं, साखर चढते आहे की उतरते आहे हे कळायला. तपासण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा चिरून तसंच बोट टोचलं तर मशीन ३०० सुद्धा दाखवेल. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, दमट हवेत पट्ट्या खराब होतात, आणि तारीख उलटलेली पट्टी वापरू नका. पुढच्या वेळी लॅबला जाताना मशीन सोबत न्या आणि तिथे रक्त देताच पाच मिनिटांत घरच्या मशीनवरही तपासा. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा.